माझ्या तोंडातले कंडक्टरबाईंचे दात

खरं सांगू का मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. बरेच दिवस गप्प बसून विचार केला. गप्प बसणं मला छान जमतं, मी प्लास्टरचा आहे. पण मग वाटलं, आपली गोष्ट आपण नाही सांगितली तर दुसरं कुणीतरी सांगणार. आणि सांगता सांगता मला चोर ठरवून मोकळं होणार. मी चोर नाही. दात माझ्या तोंडात सापडले, हे कबूल. पण ते मी घेतले नव्हते. मला ते बसवले होते.

थांबा, मी शेवट आधी सांगायला लागलो. पहिल्यापासून सांगतो.

मी एक बुटका. गोष्टींच्या पुस्तकात बागेत राहणारे टोपीवाले, मोठ्या नाकाचे, लांब दाढीचे बुटके असतात ना, त्यातला. आता जुना झालोय, टोपीचा लाल रंग विटलाय. आणि मी नुसता बुटका नाही, कुंडीसुद्धा आहे. माझ्या टोपीला वरून भोक आहे आणि त्यातून झाडं उगवलीत. उगवलीत म्हणजे, तसं म्हणायचं. तेही सांगतो.

माझा जन्म कवळ्या बनवायच्या दुकानात झाला. ज्यांचे दात गेलेत त्यांना इथे नवे करून मिळतात. पुढच्या खोलीत एक लांब बाकडं, एक टेबल आणि एक खिडकी. मागच्या खोलीत साचे, मेण, प्लास्टरच्या गोण्या, घासायचं मशीन आणि बाबा. कवळ्या बाबा करायचे. पुढच्या टेबलाशी त्यांची सून बसायची. येणाऱ्याला बसवायची, फोन घ्यायची आणि मधून मधून बाबांशी भांडायची. खरं भांडण नव्हे हो. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलायचं नाही, पण सरळ बोलतील तर शपथ.

तर त्या खिडकीत झाडं टिकायची नाहीत. ऊन नाही. मागून कवळ्यांच्या मसाल्याचा उग्र वास. त्यात बाकड्यावरची माणसं थांबून थांबून कंटाळली की उरलेला चहा गुपचूप कुंडीत ओतायची. सूनबाई हौसेनं झाड आणायची आणि झाड माना टाकायचं. शेवटी ती एक दिवस पिशवी घेऊन आली. दुकानाबाहेर जी टोपली असते ना, 'यातलं काहीही घ्या, स्वस्तात देतो' अशी, त्यातून तिनं सक्युलंटचा गुच्छ उचलला होता. जाड जाड पानांची, फुलासारखी दिसणारी छोटी झाडं. खरी सक्युलंट पानांत पाणी साठवतात म्हणे. ही काही साठवत नव्हती.

बाबांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"हे काय, प्लास्टिकचं?"

"हो."

"नकली झाड? माझ्या दुकानात?"

"मग तुम्ही काय खरे दात विकता?"

बाबा तसेच मागच्या खोलीत निघून गेले. बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही. मग हसण्याचा आला.

आता झाडं आली, तर कुंडी हवी. सूनबाईचा नियम एकच. बाजारातून काही आणायचं नाही, घरात जे पडलंय त्यातूनच करायचं. फिनेलचा रिकामा कॅन धुऊन अर्धा कापला, ते माझं पोट. जुन्या चादरीच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुचकळून त्यावर गुंडाळल्या, ती माझी कातडी. पुसायच्या मॉपचे दोरे, ती दाढी-मिशी. ते नवे होते, गैरसमज नको. नाक म्हणजे गुलाबी मसाल्याचा गोळा. ज्या मसाल्यानं कवळीच्या हिरड्या करतात ना, तोच. बाबांच्या वाटीत उरला होता. त्यामुळे माझं नाक आजही हिरडीसारखं तुकतुकीत आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. तुम्हाला माहीत आहे का? माझी पहिली आठवण तीच. अंगभर ऊब, आणि कुणाची तरी बोटं माझे गाल नीट करतायत.

टोपीच्या भोकात तिनं जुना स्पंज कोंबला. गुच्छाच्या काड्या सुट्या केल्या, प्रत्येक काडी थोडी वाकडी कापली आणि स्पंजमध्ये खोचली. एकच गुच्छ, पण सुटा केल्यावर टोपी भरून गेली. वरून फुटक्या साच्यांचा चुरा पसरला, खडीसारखा. शेवटी बूट राहिले. टेबलावर दोन पांढऱ्या डब्या होत्या, रिकाम्या, झाकणाच्या, तळहाताएवढ्या. तिनं त्या उलट्या करून माझ्या पोटाखाली चिकटवल्या आणि काळ्या रंगवल्या.

त्या डब्या लक्षात ठेवा. सगळं रामायण त्या डब्यांनी केलं.

बाबांची एक पद्धत होती. तयार झालेली कवळी पांढऱ्या डबीत, पाण्यात. कवळी सुकून चालत नाही, वाकडी होते. आणि जी बिघडली, बाद झाली, ती निळ्या डब्यात. निळ्या डब्याला कुणीही हात लावावा. पांढऱ्या डबीला हात लावला तर बाबा घर डोक्यावर घ्यायचे.

त्याच दिवशी बाबांनी एक कवळी पूर्ण केली, वरची आणि खालची. उठून पांढरी डबी शोधली. मिळेना. नव्या डब्या येणार होत्या, पण आल्या नव्हत्या. बाबांनी निळ्या डब्यातला बाद माल बाजूला काढला, डबा धुतला, पाणी भरलं आणि कवळी त्यात ठेवली. सुनेला सांगू, म्हणाले. मग जेवायला गेले. जेवून आल्यावर सांगायचं डोक्यातून गेलं.

इकडे सूनबाई माझ्या तोंडाशी अडली होती. रंगानं हसू काढलं, तर मी रडका दिसायला लागलो. पुसलं, पुन्हा काढलं, तर दात दुखणारा दिसायला लागलो. मग तिला सुचलं. खरे... म्हणजे नकली... म्हणजे तुम्हाला कळलं ना, ते दातच लावू की! तिनं निळा डबा उघडला. आत पाणी होतं, तर तिला वाटलं बाबांनी विसळून ठेवलंय. वरची कवळी उचलून पाहिली. पुढचा एक दात तिरका.

"हं, म्हणून बाद झाली," ती म्हणाली, आणि तोंडाशी थोडं ओलं प्लास्टर थापून ती माझ्या मिशीखाली दाबली.

मित्रांनो, मी हसलो.

काय सांगू तुम्हाला! अशी कवळी कुठल्या बुटक्याला मिळते? मला खिडकीत ठेवलं आणि दुकानाचा रंगच बदलला. कवळी टोचते म्हणून कळवळत आलेला माणूस माझ्याकडे बघायचा आणि गालावर हात ठेवूनच हसायचा. लहान मुलं माझ्यासारखे दात काढून दाखवायची. एक आजोबा बाबांना म्हणाले, "मला याच्यासारखी करा." बाबा चष्मा न लावता लांबूनच बघायचे आणि सुनेला म्हणायचे, "बरा जमलाय गं तुझा बुटबैंगण." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच. ती दिवसभर गुणगुणत होती.

आणि मग कंडक्टरबाई आल्या.

बाई म्हणजे बसच्या निवृत्त कंडक्टर. भरलेल्या बसमध्ये त्यांचा आवाज पुढच्या काचेवर आपटून मागे यायचा, असं लोक सांगतात. पण दात गेल्यापासून बाई तोंडावर रुमाल धरूनच बोलायच्या. बोलायच्या तरी कसल्या, मान हलवायच्या. लोकांत जाणं बंद केलं होतं. आता मात्र त्यांना जायचं होतं. त्यांचे जुने ड्रायव्हर, ज्यांच्याबरोबर त्यांनी उभा जन्म एका बसमध्ये काढला, त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. डेपोतली सगळी जुनी मंडळी जमणार होती. बाईंनी दोन शब्द बोलावेत, असं ड्रायव्हरांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं. समारंभ दुसऱ्या दिवशी होता. बाई कवळी न्यायला आल्या होत्या.

बाकडं भरलेलं होतं. बाईंनी रुमालाआडून काहीतरी म्हटलं. बहुतेक 'जरा सरकता का' असं असावं. कुणालाच ऐकू आलं नाही. कुणी सरकलं नाही. बाई माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

आत बाबांची शोधाशोध सुरू झाली.

"सूनबाई, खालची आहे. वरची कुठाय?"

"मला काय माहीत? तुम्ही ठेवली असेल तिथे असेल."

"जिथे ठेवली तिथे खालची आहे!"

"मग वरची वरच्या फळीवर बघा."

"ही थट्टेची वेळ आहे का?"

मला सगळं कळत होतं. माझ्या तोंडात होती ना! पण सांगणार कसं? तोंडात दुसऱ्याचे दात असले तरी जीभ कुठून आणायची? आणि खरं सांगतो, मित्रांनो, अर्धं मन म्हणत होतं, सापडू नये. मला माझं हसू फार आवडलं होतं.

बाई इकडेतिकडे बघत होत्या. त्यांची नजर माझ्यावर आली. आधी डोळे हसले. मग त्या वाकल्या, आणखी वाकल्या. त्यांच्या हातातला रुमाल खाली पडला.

"अहो," बाई म्हणाल्या. "अहो, इकडे या. हा माझ्यासारखा हसतोय."

सूनबाई आली. "आवडला ना? सगळ्यांनाच आवडतो."

"आवडला कसला! हा दात बघा. हा तिरका. हा माझा आहे."

बाबा बाहेर आले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, माझ्या तोंडाशी तोंड आणलं, आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला.

"सूनबाई. हे निळ्या डब्यातनं घेतलंस?"

"हो! निळ्यातलंच घ्यायचं असतं ना! आणि दात तिरका होता, मला वाटलं बाद!"

"अगं तो मुद्दाम तिरका केला! बाईंनी सांगितलं होतं! दुपारभर डोकं घालून तिरका केला मी!"

"डेपोत सगळ्यांनी मला ओळखायला नको का?" बाई म्हणाल्या. "सरळ दातांची ही कोण आली म्हणतील."

"मग बाबा, तुम्ही ती निळ्यात ठेवलीतच का?"

"पांढरी डबी नव्हती म्हणून!"

"नव्हती म्हणजे? दोन होत्या की. गेल्या कुठे?"

 आणि मग दोघांनीही हळूहळू माझ्या बुटांकडे पाहिलं.

बाकड्यावरचा एक माणूस हसायला लागला, पण बाईंचा चेहरा बघून थांबला. त्यांचे डोळे भरले होते. "उद्या सकाळी आहे हो," एवढंच म्हणाल्या.

"नवी करायला वेळ नाही," बाबा म्हणाले. "काढावी लागेल. म्हणजे याला फोडावा लागेल."

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं स्वतःच्या हातानं केलेली आणि चारचौघांनी नावाजलेली ती पहिली गोष्ट होती. तिनं माझ्या टोपीवरचं एक पान उगाच सरळ केलं.

"फोडा," ती म्हणाली. "मी धरते."

बाबांनी मला मागे नेलं. आधी चेहऱ्यावर ओलं फडकं ठेवून प्लास्टर भिजू दिलं. मग छोटी करवत, मग पातळ सुरी. घाई केली असती तर कवळीला तडा गेला असता आणि सगळंच संपलं असतं. बाबा घाम पुसत होते. बाई दारात उभ्या होत्या. "हळू हं," त्या म्हणाल्या, "त्यालाही तोंड आहे."

दुखलं का, असं विचाराल. प्लास्टरला दुखत नाही. पण सूनबाईनं माझे दोन्ही गाल असे धरले होते की मला ती पहिली ऊब आठवली.

कट्, असा आवाज झाला.  बाबांनी कवळी उजेडात धरून फिरवली. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"शाबूत आहे," म्हणाले, आणि मटकन स्टुलावर बसले. माझा जबडा तेवढा टेबलावर चुरा होऊन पडला होता.

मग ती कवळी घासली, औषधात बुडवली, पुन्हा घासली. बाईंनी सगळ्यांकडे पाठ करून ती लावली. आरशात पाहिलं. ओठ मिटले, उघडले. मग पुढच्या खोलीत आल्या, कमरेवर हात ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि

"पुढे सरका!"

मित्रांनो, अख्खं बाकडं सरकलं. एका दमात! शेवटचा माणूस तर खालीच बसला, आणि त्याच्या शेजारच्यानं खिशातून सुटे पैसे काढायला सुरुवात केली. बाई हसल्या. तिरका दात दाखवून, रुमाल न घेता हसल्या. खिडकीची काच थरथरली, असं मला वाटलं. मी तेव्हा मागच्या खोलीत टेबलावर होतो, तिथपर्यंत आवाज आला.

बाई गेल्या. दुकान शांत झालं. आणि माझ्या तोंडाच्या जागी एक भोक राहिलं.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. सूनबाईनं मला खिडकीत ठेवून पाहिलं, पण लहान मुलं घाबरायला लागली. मग मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मग कपाटावर, जुन्या साच्यांच्या रांगेत. टोपीतली झाडं तशीच राहिली. नकली झाडाला काय लागतं, असं सगळ्यांना वाटतं. पाणी नको, ऊन नको, हे खरंय. पण धूळ तर बसते ना! पानापानावर बसली. हिरव्याचं करडं झालं. खरं झाड सुकून सांगतं तरी, माझ्याकडे बघा म्हणून. नकली झाडाला तेवढंही जमत नाही. ते आपलं छान दिसत राहायचा प्रयत्न करत राहतं.

मग एका सकाळी बाकड्यावरून आवाज आला. मी कपाटावरून ओळखला. न ओळखून सांगतो कुणाला!

कंडक्टरबाईंची कवळी हिरडीला घासत होती. नव्या कवळीचं होतं तसं, थोडी झिजवावी लागते. बाबा झिजवत होते आणि बाई न थांबता सांगत होत्या. "मी दारात पाय ठेवला, आणि आमचे ड्रायव्हर तिकडनं ओरडले, आल्या बघा, आता कुणी फुकट बसू नका! दात बघूनच ओळखलं हो! मग मी बोलले. दोन शब्द बोलायचे होते, लोकांनी शेवटी हात जोडले." मग त्या थांबल्या. खिडकीकडे पाहिलं. "तो कुठाय?"

"कोण?" सूनबाईनं विचारलं, जसं काही तिला कळलंच नव्हतं.

"माझ्या दातांचा भाडेकरू."

सूनबाईनं मला खाली उतरवलं. माझ्या नाकावरची धूळ बाईंनी बोटानं पुसली.

"याला असं ठेवलंत होय?"

"दात नाहीत त्याला आता. बरा दिसत नाही."

"मलाही नव्हते. मला कुणी कपाटावर ठेवलं का?" बाई म्हणाल्या. मग जरा हळू म्हणाल्या, "तशी मी आपली आपणच जाऊन बसले होते म्हणा."

 बाबांनी मशीन बंद केलं. उठले, रबरी वाटीत प्लास्टर कालवलं आणि म्हणाले, "आणा त्याला इकडे. माप घेतो."

"बाबा, बुटक्याचं माप?"

"का? गिऱ्हाईक आहे ना? निळा डबा दे. आणि या वेळी मी सांगतो त्यातलंच घ्यायचं."

बाबांनी खरंच माप घेतलं. नवा जबडा केला. बाद मालातून दात निवडून निवडून लावले. शेवटचा दात लावताना त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि तो मुद्दाम तिरका बसवला. मित्रांनो, हे दात माझे आहेत. माझ्या मापाचे, माझ्यासाठी केलेले. नकली आहेत, पण माझे आहेत. सूनबाईनं टोपीतलं एकेक झाड उपसून नळाखाली धरलं आणि कवळीच्या ब्रशनं पानापानांतून घासलं. खालून हिरवं निघालं. ते हिरवं कुठे गेलंच नव्हतं.

तेव्हा एक मागणं आहे. तुमच्या घरी असं एखादं नकली झाड असेल, एखादं तोंड फुटलेलं खेळणं असेल, तर त्याला 'याला काय लागतं' असं म्हणू नका. जुना ब्रश, थोडं पाणी, आणि तुमची थोडी सवड. बास. आणि काही फोडायची वेळ आलीच तर फोडा, पण गाल धरा.

बाई अजून येतात. आधी कवळी घासते म्हणून यायच्या, आता नुसत्याच येतात. बाबांना डेपोच्या गोष्टी सांगतात, सूनबाईला बुटक्यांच्या टोप्यांचे रंग सुचवतात. हो, आता आणखी बुटके झालेत, खिडकी भरलीय. बूट मात्र औषधांच्या बाटल्यांच्या झाकणांचे. पांढऱ्या डब्यांना कुणी हात लावत नाही.

पण मी खिडकीत नाही. बाईंनीच मला उचलून बाकड्याच्या कडेला बसवलं. जाताना माझ्या टोपीवर थाप मारतात आणि नेहमीचंच सांगतात, "मी येईपर्यंत जागा धर रे."

धरतो, बाई. कितीही गर्दी होऊ दे. कुणी कितीही म्हणू दे, पुढे सरका. तुम्ही सोडून कुणीही म्हटलं तरी मी सरकणार नाही.